मशीन आली, पण बेतायचं कुणी?

लगीनसराईत घरच्या मशीनवर शिवलेल्या एका घागरा-चोळीची हकिगत, आणि ग्रामपंचायतींना एक विनंती

लगीनसराई आली की गावात तीन माणसांचा भाव वधारतो. एक आचारी, दुसरा मांडववाला आणि तिसरा टेलर. पहिल्या दोघांशी घासाघीस करता येते. टेलरशी ती सोय नाही. "टाकून जावा, बघतो" असं तो म्हणाला की कापड त्याच्या गठ्ठ्यात गेलं आणि आपला जीव टांगणीला लागला असं समजायचं.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या थोरल्या पुतणीचा साखरपुडा झाला. ब्लाऊज तालुक्याच्या गावी एका टेलरकडं टाकला होता. तीन हेलपाटे झाले. अखेर साखरपुड्याच्या दिवशी सकाळी ब्लाऊज हातात पडला, तो दंडात आणि मुंढ्यात दाटत होता. उसवून सैल करावा तर आत शिलाईला कापडच ठेवलेलं नव्हतं. पोरीनं हात वर न करता सगळा कार्यक्रम काढला. चेहऱ्यावर हसू आणि खांद्यात कळ. टेलरला तरी काय बोलणार? त्याच्या दुकानात गठ्ठ्यांमुळं बसायची खुर्ची दिसत नव्हती.

त्याच रात्री धाकटी पुतणी जेवता जेवता म्हणाली, "ताईच्या रिसेप्शनला माझे कपडे मीच शिवणार. घरात मशीन हाय की."

पोरगी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शिवणाचा अनुभव म्हणाल तर उशीचे अभ्रे. लग्न फेब्रुवारीत. दुपारी बाराच्या पुढचा मुहूर्त आणि संध्याकाळी सातला स्वागत समारंभ. आता खेड्यातही हा संध्याकाळचा कार्यक्रम रुळला आहे. त्याला नुसती साडी चालत नाही. पोरींना घागरा लागतो, गाऊन लागतो. तालुक्याच्या दुकानात बरा घागरा विचारला तर साडेसहा हजार रुपये. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आम्हाला बाजारात मिळाला तो चार हजारांच्या आसपास. म्हणजे एका संध्याकाळच्या कपड्याला दीड क्विंटलाहून जास्त सोयाबीन. घरात कुणी बोललं नाही, पण हिशेब सगळ्यांनी मनात केला.

शिवता येतंय, बेतता येत नाही

घरात मशीन होती हे खरं. चार वर्षांपूर्वी ती एका योजनेतून आली, वाटपाचा फोटो निघाला आणि तिची जागा कणगीशेजारी ठरली. तिच्यावर बियाण्याच्या पिशव्या, फवारणी पंपाची नळी आणि दुपारच्याला मांजर. वहिनींना मशीन चालवता येत नाही असं नाही. साडीला फॉल लावणं, उसवलेलं शिवणं, गोधडीच्या कडा मारणं हे त्या करतात. पण कापडाचा तुकडा पुढ्यात टाकून "याचा ब्लाऊज कर" म्हटलं तर हात थबकतो.

आमच्या गल्लीत अशा तीन मशीन आहेत. तिन्ही घरांत उत्तर एकच मिळालं, "शिवता येतंय भावजी, बेतता येत न्हाई." म्हणजे मोटार बसवली, पाइपलाइन केली आणि वीजजोडणी तेवढी राहिली, तसला प्रकार.

यावर बाजारात एक सोपा तोडगा मिळतो, तो फार जणींना ठाऊक नसतो. हूक, बटणं, दोरा, अस्तर विकणाऱ्या दुकानात तयार पेपर कटिंगही मिळतं. जाड कागदावर पुढचा भाग, मागचा भाग, बाही, गळ्याची पट्टी असं सगळं पूर्ण मापात कापलेलं असतं. साधा टक्सचा, कटोरी, प्रिन्सेस कट असे प्रकार आणि छातीच्या मापाप्रमाणं नंबर. कागद कापडावर ठेवायचा, खडूनं कडेनं रेघ मारायची आणि कापायचं. पुतणीनं ३४ नंबरचं प्रिन्सेस कट चोळीचं आणि सहा कळ्यांच्या घागऱ्याचं कटिंग आणलं. दोन्ही मिळून ८० रुपये.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावी एबेनेझर बटरिक नावाचा एक शिंपी होता. त्यानं १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने करून विकायला काढले. त्याआधी घरी कपडा शिवायचा म्हणजे जुना कपडा उसवून त्याच्यावर नवा बेतायचा, नाहीतर एकाच मापाचा नमुना घेऊन अंदाजानं लहान-मोठा करायचा. सिंगरच्या मशीनला १८५१ मध्ये पेटंट मिळालं होतं. पुढं मशीन आणि कागद जोडीनं घराघरांत गेले. १९१४ मध्ये तिथं शेती विस्ताराचा कायदा झाला. त्या कामातून शेतकऱ्याला बी-खताची माहिती देणारी माणसं गावोगाव गेली, तशा शेतकरी बायकांना शिवण आणि अन्न टिकवणं शिकवणाऱ्या बायकाही गेल्या. १९३० नंतरच्या मंदीत पिठाच्या आणि कोंबडीखाद्याच्या कापडी पोत्यांचे फ्रॉक शिवले गेले, इतके की कंपन्या पोत्यांवर फुलांची नक्षी छापू लागल्या.

सांगायचा मुद्दा असा, की मशीन आणि कागद ही बैलजोडी आहे. एका बैलावर नांगर चालत नाही.

वहिनींची साडी

कागद आला, आता कापड. पुतणीनं आईच्या लग्नातली साडी मागितली. जांभळी, जरीकाठी, २००० सालची. वहिनी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पेटीतून साडी काढून दिली, पण एक अट घातली, "कात्री लावायच्या आधी मला अंगात घालून दाखवायचं."

"आई, कापल्याबिगर घालून कशी दाखवू?"

"ते मला माहीत न्हाई. बसलं न्हाई तर ही साडी काय परत जोडायची हाय?"

दोघींचंही बरोबर होतं. पीक फसलं तर पुढच्या हंगामात दुबार पेरता येतं. कापलेलं कापड परत सांधता येत नाही. शेजारच्या गावात शिवण-कर्तनाचे वर्ग घेतलेल्या एक बाई आहेत. पुतणी त्यांच्याकडं गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुझी आई बरोबर बोलते. दोन मीटर मांजरपाट आण."

कागदावर विश्वास ठेवा, पण मोजून

बाईंनी पहिला धडा दिला तो असा, की कागदावरचा नंबर हा फक्त नंबर असतो. कुणी ३४ म्हणजे अंगाची छाती ३४ धरतं, कुणी तयार कपडा ३४ धरतं. म्हणून टेप घेऊन आधी अंग मोजायचं, मग कागद मोजायचा.

अंगाचं माप दुसऱ्यानं घ्यावं. स्वतःचं स्वतः घेतलं की टेप पाठीमागं खाली उतरते. छाती, छातीखालचा घेर, कंबर, नितंब, खांदा, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची, चोळीची उंची, दंडाचा घेर, ही मापं वहिनींनी घेतली आणि वहीत लिहिली. मग कागद. कागदावर अर्ध्याच अंगाचे भाग असतात, कारण कापड दुहेरी घडी करून कापायचं असतं. म्हणून कागदाचं माप दुप्पट करायचं.

आमच्या ३४ नंबरच्या कागदात पुढचा आणि मागचा भाग मिळून छातीला साडेसतरा इंच भरले. दुप्पट म्हणजे ३५. पुतणीची छाती साडेतेहतीस. फरक दीड इंचाचा. अंगाबरोबरच्या चोळीला श्वास घ्यायला, बसायला-वाकायला एवढी ढील पुरते. छातीखालचा घेर मात्र अंगाला साडेअठ्ठावीस आणि कागदात साडेतीस, म्हणजे दोन इंच ढिला. तिथं एकच इंच हवा होता. मग एक इंच कमी कसा करायचा? बाजूच्या दोन शिलाया, प्रत्येकीत दोन कडा, अशा चार कडा. प्रत्येक कडेला पाव इंच आत घ्यायचं. पुतणी म्हणाली, "हे तर पाचवीचं गणित हाय."

दुसरी गोष्ट शिलाईच्या जागेची. काही कागदांत ती धरलेली असते, काहींत नसते. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या नमुन्यांत साधारण दीड सेंटिमीटर धरलेली असते, तर जर्मनीतल्या बुर्डा मासिकाच्या नमुन्यांत आपण वाढवून घ्यायची असते. आमच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात "शिलाई सोडून" एवढंच छापलं होतं. ते वाचलं नसतं तर? प्रिन्सेस कटला अंगाभोवती चार जोड येतात, दोन पुढं आणि दोन बाजूंना. प्रत्येक जोडात दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच गेला, म्हणजे एका जोडाला एक इंच आणि चार जोडांना चार इंच. ३५ ची चोळी ३१ ची झाली असती. म्हणून सगळीकडं अर्धा इंच वाढवला आणि बाजूच्या शिलायांना एक इंच. हा बाजूचा जादा इंच म्हणजे घरातलं बियाणं. वेळप्रसंगी तोच उपयोगाला येतो.

मांजरपाटाची चाचणी

मग चोळी मांजरपाटाची शिवली. अस्तर नाही, हूक नाहीत, लांब टाक्याची कच्ची शिलाई, पुढं टाचण्या. एका संध्याकाळचं काम. पुतणी ती घालून माजघरात उभी राहिली. बाईंनी तिला हात वर करायला, खाली बसायला, वाकून पाया पडायला लावलं. उभं राहून सगळेच कपडे बसतात. खोट दिसते ती हालचालीत.

हात वर केला तशी चोळी दोन बोटं वर चढली. पुतणी म्हणाली, "मुंढा अजून खोल कापूया, मग हात मोकळा होईल." वहिनींनाही तसंच वाटलं. मलाही वाटलं असतं.

बाई म्हणाल्या, "इथंच सगळ्या चुकतात."

त्यांनी जे समजावलं ते मी मुद्दाम लिहून ठेवलं. मुंढा खोल कापला की बाहीचा जोड काखेपासून खाली सरकतो. मग हात उचलला की बाहीबरोबर बाजूची शिलाई आणि तिच्याबरोबर अख्खी चोळी वर ओढली जाते. मुंढा काखेजवळ असला तर हात उचलला जातो आणि चोळी जागेवर राहते. दाटणं आणि ओढणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दाटतं तिथं रुंदी कमी असते, ओढतं तिथं खोली जास्त असते. साखरपुड्याचा ब्लाऊज दाटत होता. ही चोळी ओढत होती. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध, म्हणजे मुंढा कापणं, चालत नाही.

मग कागदाला पट्टी चिकटवून मुंढा अर्धा इंच वर घेतला. मुंढा बदलला की बाहीचा खालचा भागही तेवढाच बदलावा लागतो, तो बदलला. दंडाला पाऊण इंच रुंदी वाढवली. मग टेप उभी धरून मुंढ्याची गोलाई आणि बाहीची गोलाई मोजली. बाहीची थोडी जास्त, पाऊण इंचाच्या आसपास हवी, नाहीतर खांद्यावर बाही ताणते. दुसऱ्या दिवशी मांजरपाटाची तीच चोळी उसवून, सुधारून परत घातली. हात वर गेला, चोळी जागेवर राहिली. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता काप."

काठ सरळ, कळी गोल

घागऱ्याला वेगळीच अडचण आली. कागद होता सहा कळ्यांचा. कळी वर अरुंद आणि खाली रुंद, त्यामुळं जोडल्यावर खालचा घेर गोलाईत येतो. साडीचा काठ मात्र सरळ विणलेला. सरळ काठ गोलाईला बसत नाही. बसवला तर चुरगळतो, नाहीतर कळी कापताना काठच कापला जातो. ज्या काठासाठी साडी घेतली तोच गेला तर उरलं काय?

बाईंनी विचारलं, "लहानपणी परकर घालायचीस का? तोच शिवायचा." म्हणजे साडीचा पन्हा ही घागऱ्याची उंची आणि साडीची लांबी हा घेर. वर कमरेला साधा पट्टा, खाली चुण्या, आणि काठ आपोआप पायाशी.

इथं पुन्हा गणित. नितंबाचा घेर ३६, ढील २ इंच, म्हणजे पट्ट्याची खालची कड ३८ इंच. एकाला एक लागून चुण्या घालायच्या तर कापड तिप्पट लागतं. ३८ ची तिप्पट ११४ इंच, म्हणजे तीन मीटरला थोडं कमी. शिलाईसह तीन मीटर धरलं. एकेक इंचाच्या ३८ चुण्या. कमरेपासून घोट्यापर्यंत उंची ३८, त्यातला पट्टा ६ इंचाचा, खालचा भाग ३२ चा. साडीचा पन्हा ४५ इंच. वरून साडेबारा इंचांची पट्टी निघाली, आणि तिला साडीचा दुसरा काठ होता. तो बाहीला आणि पाठीच्या गळ्याला लावला. साडीची लांबी साडेपाच मीटर, त्यातले अडीच मीटर पदरासह चोळीला आणि पट्ट्याला उरले.

कळ्यांचा कागदही वाया गेला नाही. अस्तराला काठ नसतो. तेव्हा अस्तर सहा कळ्यांचं कापलं, म्हणजे कमरेशी आत चुण्यांचा बोजा होत नाही. खालून ते घागऱ्यापेक्षा इंचभर आखूड ठेवलं.

पहिली कात्री

जुनी साडी घडीवर विरते. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की जरीची तार तिथं कापडाला कापते. म्हणून साडी दारात उजेडाकडं धरून हात-हात पाहिली. विरलेल्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा टाका घालून खूण केली. अशा चार जागा निघाल्या. कागद असा फिरवून ठेवला की दोन जागा कापून जातील आणि दोन चुणीच्या आत दडतील. आत दडणाऱ्या जागांना मागून अस्तराचा तुकडा लावला.

कागदावर एक बाण असतो. तो सजावटीचा नव्हे. बाण कापडाच्या किनारीला समांतर ठेवायचा असतो. कापड वाचवायच्या नादात कागद तिरका ठेवला की धुतल्यावर किंवा दोन तास घातल्यावर कपडा एका अंगाला पिळतो. "घडीवर ठेवा" असं लिहिलेली कड कापडाच्या घडीवरच यायला हवी, नाहीतर पाठीचे दोन तुकडे होतात. कडेला बारीक खाचा असतात, त्या कापडावर खडूनं उतरवायच्या. शिवताना खाचेला खाच मिळाली की कुठला भाग कुठं जोडायचा ते विचारावं लागत नाही. अस्तर सुती असेल तर कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवायचं. सुती कापड आटतं, रेशीम त्या मानानं कमी, आणि मग आतून कपडा ओढतो.

सगळं मांडून झालं तरी पुतणीची कात्री काही उचलेना. शेवटी वहिनींनी तिच्या हातातून कात्री घेतली आणि पहिला काप त्यांनीच घातला. नंतर त्या चुलीकडं निघून गेल्या, आणि बाकीचं पुतणीनं कापलं.

शिवण त्यामानानं सरळ गेली. मशीनला तेल दिलं, बॉबिन साफ केली, जाड सुई काढून ११ नंबरची बारीक सुई लावली. आधी कातरणावर टाका तपासला. वरचा दोरा ताणत होता, तो सैल केला. बाईंनी एक शिस्त घातली होती, की प्रत्येक शिलाई झाली की लगेच इस्त्री. वरून सुती फडकं टाकायचं आणि इस्त्री कमी गरम. जरीला थेट गरम इस्त्री लागली की संपलं. गळ्याला अस्तराची उरेब पट्टी, पट्ट्याला कॅनव्हास, बाजूला चेन. बाजूच्या शिलाया सगळ्यात शेवटी, अंगावर एकदा टाचून पाहून. रोज तीन-चार तास असे नऊ दिवस लागले.

घरचा हिशेब

पेपर कटिंग ८० रुपये, मांजरपाट १४०, अस्तर ३००, कॅनव्हास, चेन, हूक, दोरा आणि सुया मिळून १७०. एकूण ६९० रुपये. बाईंनी पैसे घेतले नाहीत, त्यांची वहिनींनी ओटी भरली. साडी घरची, म्हणून तिची किंमत धरली नाही. नऊ दिवसांची मजुरीही धरली नाही. ती धरायला हवी, कारण उद्या ही पोरगी दुसरीचा घागरा शिवेल तेव्हा तो वेळ तिनं मोजूनच घ्यायला हवा. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरायची आपली जुनी खोड आहे, ती शिवणातही नको.

स्वागत समारंभाला पुतणी घागरा-चोळी घालून नुसती उभी राहिली नाही. ऐनवेळी वाढपी कमी पडले तेव्हा ओढणी खोचून वाढायला लागली. मांडी घालून बसली, बहिणीला मिठी मारून रडली, कुठं टाका उसवला नाही. डाव्या बाजूला चेनीजवळची एक चुणी तिरकी पडली आहे. ती तिला आणि बाईंना दिसते, इतरांना दिसत नाही. वहिनींना पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "कुठनं घेतला?" वहिनी म्हणाल्या, "घरनं."

लग्न उरकल्यावर गल्लीतल्या दोन मुली तो सुधारलेला कागद मागायला आल्या. पुतणीनं कागद दिला नाही, उतरवून दिला. वर्तमानपत्राची रद्दी खळीनं चिकटवून जाड केली, त्याच्यावर कागद ठेवून रेघा मारल्या आणि त्या दोघींच्या मापानं वाढवून-कमी करून दिल्या. कणगीशेजारची मशीन आता खिडकीशी आली आहे. मांजराला दुसरी जागा शोधावी लागली.

ग्रामपंचायतींना विनंती

आता थोडं सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्याशी.

मशीन वाटणं चांगलंच आहे. पण आमच्या गल्लीतल्या तीन मशीन पाहता अडचण मशीनची नव्हती, बेतण्याची होती. ती सोडवायला मशीनच्या किमतीच्या मानानं फार थोडा पैसा लागतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. या सभेत विषय मांडता येईल. गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या जाणत्या शिवणबाईला मानधन देऊन पंधरा दिवसांचा वर्ग घ्यायचा. त्यात मशीन कमी आणि टेप, कागद, खडू जास्त. चोळी-ब्लाऊजच्या सगळ्या नंबरांच्या पेपर कटिंगचा एक संच आणि मांजरपाटाचा एक तागा एवढं सामान पुरतं. संच ग्रामपंचायतीत किंवा बचत गटाकडं ठेवायचा. नेणारीनं उतरवून घ्यायचा आणि परत आणायचा, जसं आपण पेरणी यंत्र फिरवतो तसं.

ज्यांना हा धंदा म्हणून करायचा आहे त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढं ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. म्हणजे खरी शिवणारी कोण हे ठरवण्याची पहिली जबाबदारी गावाचीच आहे. तिथं नाव देताना एकच प्रश्न विचारावा, "ताई, बेतता येतंय का?" नाही म्हणाली तर नाव खोडू नये. तिला आधी वर्गाला बसवावं.

---

चौकट : कापड कापण्याआधी

• अंग मोजा, मग कागद मोजा. कागदाचं माप दुप्पट करा. नंबरावर विसंबू नका.

• शिलाईची जागा कागदात धरली आहे की नाही ते वाचा. नसेल तर सगळीकडं अर्धा आणि बाजूंना एक इंच वाढवा.

• पहिला कपडा मांजरपाटाचा. तो घालून हात वर करा, बसा, वाका.

• दाटत असेल तर रुंदी वाढवा. ओढत असेल तर मुंढा वर घ्या. मुंढा बदलला की बाही बदला.

• बाण किनारीला समांतर, "घडीवर" लिहिलेली कड घडीवर.

• काठाच्या साडीचा घागरा चुण्यांचा करा. कळ्या अस्तराला.

• सुती अस्तर आधी भिजवा. जुनी साडी उजेडाला धरून तपासा.

• सुधारलेल्या कागदावर नाव, माप आणि तारीख लिहून ठेवा. अंग बदलतं, कागद बदलत नाही.